मी धातू, तो लाकूड. मग लग्न करायचं की नाही?

*ताई, मी मूळची नाशिकची, आता सिंगापुरात नोकरी करते. जन्म ऑगस्ट 1990. ज्याच्याशी लग्न ठरतंय तो इथलाच, चिनी वंशाचा, 1987 चा. त्याच्या आईने आमच्या दोघांच्या जन्मतारखा आणि वेळा त्यांच्या नेहमीच्या ज्योतिषाकडे नेल्या. तो म्हणाला, मुलगी ‘गंग’ म्हणजे धातू, मुलगा ‘यी’ म्हणजे लाकूड. धातू लाकडाला कापतो, तेव्हा ही त्याला जड जाणार. आंटी मला तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण बहिणीशी फोनवर बोलताना ‘ख-फू’ असा शब्द कानावर आला. मी त्याला अर्थ विचारला तर आधी टाळलं, मग सांगितलं: नवऱ्याला खाणारी. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये बघितलं तर तिथे भलतंच. मी धातू, तो अग्नी, आणि तो मला वितळवणार!*

*वाईट याचं वाटतं की ज्योतिषाचं थोडं पटतंय. माझी जीभ धारदार आहे. निर्णय मी घेते, तो ‘कॅन, कॅन’ म्हणतो. लग्न फक्त नोंदणीने करू म्हटलं, कॅन म्हणाला. त्याच्या आईने तीस टेबलांचं जेवण म्हटलं, तिलाही कॅन म्हणाला. मला कळलं ते हॉटेलच्या अनामत रकमेच्या पावतीवरून. त्या रात्री मी जे बोलले ते कुऱ्हाडीसारखंच होतं. मग मध्येच आंटींनी मला लाल मोज्यांचे जोड आणून दिले, ‘यंदा वर्षभर घाल’ म्हणाल्या. हा टोमणा समजू का? इकडे आई नाशिकहून रोज विचारते, त्याची जन्मवेळ मिळाली का, मंगळ बघायचाय. मी काय करू?*

प्रिय सिंगापूरकर,

आधी मोज्यांचं बोलू. ते टोमणा नाहीत.

17 फेब्रुवारी 2026 ला चिनी पंचांगाप्रमाणे घोड्याचं वर्ष लागलं. तू 1990 ची, म्हणजे घोड्याच्याच वर्षातली. दर बारा वर्षांनी आपलं स्वतःचं वर्ष फिरून येतं, त्याला तिकडे ‘बन मिंग न्यन’ म्हणतात. आपल्याला वाटेल की स्वतःचं वर्ष म्हणजे भरभराटीचं. त्यांच्याकडे ते जोखमीचं धरतात, वर्षाच्या अधिपती देवतेची नजर आपल्यावर वळलेली असते म्हणून. त्यावर उतारा लाल रंगाचा. लाल दोरा, लाल कमरपट्टा, लाल आतले कपडे, लाल मोजे, जे काही अंगाला लागून राहील ते. आणि हे आपलं आपण आणण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांनी आणून दिलेलं चांगलं, अशीही समजूत आहे. म्हणजे ज्या बाईने ज्योतिषाचं ऐकून तुझ्याबद्दल बहिणीजवळ नको ते म्हटलं, तिनेच दुकानात जाऊन तुझ्या पायाच्या मापाचे मोजे शोधले, वर्षभर तुला काही होऊ नये म्हणून. माणसं अशीच असतात. तू मोजे घाल. निदान त्यांच्या घरी जाताना तरी घाल.

आता धातू-लाकडाचं. तू ज्योतिषाचा एक निकाल आणि ॲपचा एक, असे दोन दिलेस. मी तिसरा देते.

ॲपने तुमची वर्षं बघितली. चिनी कालगणनेत वर्ष-दिवस मोजायची दहा चिन्हं आहेत, त्यांना ‘आकाशखोडं’ म्हणतात (तुमची ‘गंग’ आणि ‘यी’ त्यातलीच), दोन-दोन करून ती पाच तत्त्वांत वाटलेली. इंग्रजी वर्षाचा शेवटचा आकडा 4 किंवा 5 असेल तर लाकूड, 6-7 अग्नी, 8-9 माती, 0-1 धातू, 2-3 पाणी. (जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी नवं वर्ष कधी लागलं ते आधी बघावं.) त्या हिशेबाने 1990 धातू, 1987 अग्नी. अग्नी धातूला वितळवतो, म्हणून तो तुला वितळवणार. ठीक. पण त्याच वर्षांना ‘ना-यिन’ नावाची आणखी एक जुनी पद्धत लावतात. साठ वर्षांच्या चक्रातल्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या प्रत्येक जोडीला त्यात एक तत्त्व आणि एक चित्र दिलेलं असतं. त्यात 1987 म्हणजे ‘भट्टीतला अग्नी’ आणि 1990 म्हणजे ‘रस्त्याकडेची माती’. अग्नीतून राख, राखेतून माती. अग्नी मातीचा पोशिंदा. म्हणजे या पद्धतीने तो तुझं भलं करणारा, तुला घडवणारा. आणि आंटींच्या ज्योतिषाने बघितलं ते जन्मदिवसाचं खोड. तांग राजघराण्याच्या काळात वर्षावर भर होता, पुढे सोंग घराण्याच्या काळात शू त्स-फिंग या ज्योतिषाच्या नावाने चालत आलेल्या पद्धतीने दिवसाला मान दिला, आणि आज ‘बाझी’ म्हणून जे चालतं ते बहुतेक हेच. वर्ष, महिना, दिवस, प्रहर असे चार खांब, प्रत्येकाची दोन अक्षरं, एकूण आठ. त्यात दिवसाचं खोड म्हणजे ‘मी’.

एकाच परंपरेची तीन उत्तरं झाली. तो तुला वितळवतो, तो तुला पोसतो, तू त्याला कापतेस. यातलं खरं कोणतं, असं तू मला विचारशील. मी तुला विचारते, यातलं कोणतं आधी कळलं असतं तर तू पत्र लिहिलंच नसतंस?

तत्त्वांवरून माणसं जोखायची ही सवय आजची नाही, आणि तिची टिंगलही आजची नाही. पहिल्या शतकात हान राजवटीत वांग छुंग नावाचा एक फटकळ विद्वान होऊन गेला. लोक प्राण्यांनाही तत्त्वं चिकटवायचे: उंदीर पाण्याचा, घोडा अग्नीचा, कोंबडा धातूचा, ससा लाकडाचा. वांग छुंग म्हणाला, पाणी अग्नीला जिंकतं ना, मग उंदीर घोड्यांच्या मागे का लागत नाहीत? धातू लाकडाला जिंकतो, तर कोंबडे सशांना टोचून का मारत नाहीत? तुझा तो 1987 चा, म्हणजे सशाच्याच वर्षातला आहे. हे त्याला सांग, हसेल.

त्याच्याही आधी मो-त्स या चिनी विचारवंताच्या पंथातल्या लोकांनी एक साधी गोष्ट लिहून ठेवली होती: पाच तत्त्वांत कायमचा जेता कोणी नसतो, प्रश्न किती आहे याचा असतो. आग पुष्कळ असेल तर धातू वितळतो, धातू पुष्कळ असेल तर कोळसा संपतो.

इथे आपल्या वाचकांसाठी एक खुलासा. चिनी पाच तत्त्वं आणि आपली पंचमहाभूतं यांची गल्लत करू नये. त्यांच्याकडे वायू नाही, आकाश नाही. त्यांच्या जागी लाकूड आणि धातू. आपली पंचमहाभूतं सांगतात देह कशाचा झाला. त्यांची पाच तत्त्वं सांगतात कोण कोणाला वाढवतं आणि कोण कोणाला आवरतं. म्हणूनच नात्यांच्या गप्पांत ती इतकी सोयीची पडतात.

वाढवण्याचं चक्र असं. लाकडाने अग्नी पेटतो, अग्नीची माती होते, मातीच्या पोटात धातू सापडतो, धातूवर पाणी जमतं, पाण्याने झाड वाढतं. आवरण्याचं चक्र: झाडाची मुळं माती फोडतात, माती पाणी अडवते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू झाड तोडतो. सगळे लोक पहिल्या चक्राला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट समजतात. आंटी तसंच समजल्या, तूही तसंच समजलीस. दुसऱ्या चक्राची भीती बसायला इतिहासही आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्सोऊ येन या पंडिताच्या नावाने हे चक्र राजवटींना लावलं गेलं. एक घराणं दुसऱ्याला उलथवतं ते त्याचं तत्त्व जिंकून. पहिल्या छिन सम्राटाने 221 साली, म्हणजे इसवी सनापूर्वी, देश एक केल्यावर आपलं तत्त्व पाणी आणि रंग काळा ठरवला तो याच हिशेबाने, आधीचं चौ घराणं अग्नीचं होतं म्हणून. सिंहासनाच्या भाषेत ‘आवरणं’ म्हणजे संपवणंच.

घराच्या भाषेत मात्र तसं नाही, आणि आंटींच्या ज्योतिषाला हे चांगलं ठाऊक असणार. बाझीत नाती कशी मांडतात बघ. मला जे जन्म देतं ते तत्त्व म्हणजे आई. माझ्यासारखंच जे, ती भावंडं. आणि नवरा-बायको? ते आवरण्याच्या चक्रावर बसवलेले आहेत. पुरुषाच्या पत्रिकेत तो ज्याला आवरतो ते बायकोचं तत्त्व, बाईच्या पत्रिकेत जे तिला आवरतं ते नवऱ्याचं. म्हणजे नवरा-बायकोत ‘आवरणं’ असायचंच, ते नसेल तर या शास्त्राच्या लेखी ते भाऊ-बहीण किंवा माय-लेकरू झाले. तुमच्या जुळणीत खुपलं ते आवरणं नव्हे. खुपलं हे, की आवरणारी तू आहेस. पोथीला नवरा वर हवा होता, पत्रिकेत निघाली बाई. (आणि पुरुषाच्या पत्रिकेत बायको आणि पैसा एकाच तत्त्वाखाली येतात, हेही जाता जाता ऐकून ठेव. कोणी कोणासाठी लिहिलंय ते लगेच कळतं.)

आणखी गंमत सांगू? त्याच शास्त्रात दहा खोडांच्या पाच जोड्या ‘जुळणाऱ्या’ म्हणून सांगितल्या आहेत. प्रत्येक जोडीत एक दुसऱ्याला आवरणारं, पण एक यांग (पुरुषी मानलेलं) आणि एक यिन (बायकी मानलेलं), म्हणून ती जोडी नवरा-बायकोची मानतात. त्या पाचांत एक जोडी आहे यी आणि गंग. वेलीसारखं कोवळं यिन लाकूड आणि खाणीतून आलेला ओबडधोबड यांग धातू. तिला दया आणि न्याय यांची जोडी म्हणतात, कारण पाच सद्गुणांत लाकडाकडे दया आहे आणि धातूकडे न्याय. म्हणजे ज्या दोन अक्षरांवरून तुला जड ठरवलं, तीच दोन अक्षरं दुसऱ्या पानावर हातात हात घालून उभी आहेत. हे तू आंटींना सांगू नकोस. वाद घालायला सापडलेलं हत्यार वाटेल, आणि त्या दुसऱ्या ज्योतिषाकडे जातील. सांगायचंच तर त्याने सांगावं, एकदाच, आणि विषय सोडावा.

‘ख-फू’ या शब्दाबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हणतात, मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट म्हणतात, मंगळ असलेल्या मुलीची पत्रिका लपवून ठेवतात. त्याच पठडीतला हा शब्द. त्याची किंमत किती मोठी होऊ शकते याचा एक ठोस पुरावा आहे, तो जपानचा. साठ वर्षांच्या चक्रात अग्नी-घोड्याचं एक वर्ष येतं. चीनकडून गेलेल्या याच कालगणनेवर जपानमध्ये समज रुजला की त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचा जीव घेते. 1965 मध्ये जपानमध्ये सुमारे 18 लाख 20 हजार मुलं जन्मली. 1966 हे अग्नी-घोड्याचं वर्ष होतं, त्या वर्षी 13 लाख 60 हजार. 1967 ला परत 19 लाख 35 हजार. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. धावत्या बुलेट ट्रेनच्या देशात एका वर्षी चौथा हिस्सा बाळं कमी झाली, मुलगी झाली तर तिचं लग्न कसं होणार या धास्तीने. आणि चालू 2026 हे पुन्हा तेच अग्नी-घोड्याचं वर्ष आहे. आंटींच्या डोक्यात यंदा घोडा जरा जास्तच घुमत असेल तर त्याचं कारण हेही असू शकतं.

म्हणून तो शब्द पुन्हा त्या घरात निघता कामा नये, आणि हे त्यांना सांगण्याचं काम तुझं नाही, त्याचं आहे. त्याच्या भाषेत, त्याच्या आईला, तू तिथे नसताना. ‘मला हे लग्न करायचंय आणि तिच्याबद्दल हा शब्द मला चालणार नाही’, एवढंच. तू त्याला हे करायला सांगशील तेव्हा तो कॅन म्हणेल. मग त्याने खरंच सांगितलं का ते बघ. नाही सांगितलं, पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही, तर लग्नाचा पुन्हा विचार कर. तेव्हा लाकूड-धातूला दोष देऊ नकोस.

आता राहिली तुला पटलेली बाजू. ज्योतिष बाजूला ठेवलं तरी, तू तोडून बोलतेस आणि तो वाकतो, हे खरं आहे असं तूच लिहितेस. इथे मला ही पाच तत्त्वं उपयोगाची वाटतात. ‘मी कोण’ हे ठरवण्यासाठी नाही. ‘आत्ता आमच्यात काय चाललंय’ हे बोलण्यासाठी. स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा लाकडाबद्दल बोलणं माणसांना सोपं जातं.

या तत्त्वांच्या सगळ्यात जुन्या याद्यांपैकी एक ‘शांग शू’ या प्राचीन चिनी ग्रंथात आहे. तिथे स्वभाव नाहीत, हालचाली आहेत. पाणी भिजवतं आणि खाली जातं. अग्नी पेटतो आणि वर जातो. माती पेरणी घेते आणि पीक देते. लाकूड वाकतं आणि सरळ होतं. आणि धातू? ‘कापतो’ असं तिथे म्हटलेलं नाही. धातू साच्याप्रमाणे घडतो, रूप बदलतो. तू स्वतःला कुऱ्हाड म्हणतेस. पण मूळ यादीत धातूची ओळख आहे ती आकार बदलू शकणारा म्हणून. त्याच्याही बाबतीत अर्धंच घेतलंयस. वाकतो हे बघितलंस, पण लाकूड वाकून पुन्हा सरळही होतं. तो कधी सरळ होतो, कोणासमोर, कशावर ठाम राहतो? एखादी तरी गोष्ट असेल, जेवणाची, कामाची, मित्रांची. ती शोध.

आवरणं हे औषध कसं होतं याची एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. चिनी वैद्यकात प्रत्येक तत्त्वाला एक भावना दिली आहे: लाकडाला राग, अग्नीला हर्ष, मातीला चिंता, धातूला शोक, पाण्याला भीती. आणि एक भावना दुसरीला आवरते. बाराव्या-तेराव्या शतकात, जिन राजवटीत, चांग त्सुंग-चंग नावाचा वैद्य होता. एका श्रीमंत घरातल्या बाईला चिंतेने दोन वर्षांहून जास्त काळ झोप नव्हती, औषध चालेना. नवऱ्याने याला बोलावलं. याने नाडी बघितली, म्हणाला, हा चिंतेचा विकार, मातीचा. मग नवऱ्याला बाजूला घेऊन दोघांनी कट केला. वैद्याने भरपूर पैसे उकळले, तिथेच राहून बरेच दिवस दारू प्यायला, आणि एक काढा न लिहून देता निघून गेला. बाई भडकली. एवढी भडकली की दरदरून घाम आला, आणि त्याच रात्री तिला झोप लागली. आठ-नऊ दिवस झोपून होती म्हणतात, उठली ती भूक लागून. राग लाकडाचा, चिंता मातीची. लाकडाने माती मोकळी केली. (आजच्या डॉक्टरांनी असं बिल लावून बघावं असं मी सुचवत नाही.)

तर त्या पावतीच्या रात्री तू भडकलीस याचं मला विशेष वाईट वाटत नाही. काहीतरी तुंबलं होतं ते फुटलं. जुन्या बाझी ग्रंथांत अशा ओळी आहेतच: बळकट लाकडाला धातू मिळाला तर त्याची तुळई होते, बळकट धातूला अग्नी मिळाला तर भांडं होतं, बळकट पाण्याला माती मिळाली तर तळं होतं. फक्त सगळीकडे ‘बळकट’ हा शब्द आहे. कोवळ्या वेलीवर कुऱ्हाड चालवून तुळई मिळत नाही. आणि दुसऱ्या बाजूच्याही ओळी आहेत, पोसण्याच्या अतिरेकाच्या: माती फार झाली तर धातू पुरला जातो, लाकूड फार झालं तर आग गुदमरते, पाणी फार झालं तर झाड वाहून जातं. ही शेवटची ओळ वाचताना मला तुझा तो दिसतो. जिथे आईने विचारायच्या आधी सगळं पुढ्यात आणलं, तिथे ‘नाही’ म्हणायची वेळच मुलावर आली नसेल. मूळ धरायला जमीनच नाही. असा माणूस खोटारडा नसतो. तो आईला कॅन म्हणतो तेव्हा मनापासून म्हणतो, तुला म्हणतो तेव्हाही मनापासूनच. निस्तरायचं मात्र सगळ्यांना पडतं.

मग करायचं काय? बाझीत एक युक्ती आहे, ‘थुंग-क्वान’, म्हणजे अडलेला नाका मोकळा करणं. दोन तत्त्वं भिडली की मधलं तत्त्व आणायचं. धातू आणि लाकूड यांच्या मधलं पाणी: धातू पाणी देतो, पाणी लाकडाला वाढवतं, म्हणजे जी ताकद तोडण्यात जात होती ती पोसण्यात जाते. फेंगशुईवाले लगेच कारंजं विकतील, निळे पडदे सुचवतील, काळ्या मण्यांचं कडं घालायला लावतील. ते घेऊ नकोस. या हिशेबात पाणी कोण देतं? धातूच. आणि जे मी देते, माझ्यातून जे बाहेर पडतं, त्यात बाझीवाले वाणीही धरतात. तुझी वाणी. धार तीच ठेव, फक्त बोलण्याची पद्धत बदल.

म्हणजे प्रत्यक्षात असं. ज्याचं उत्तर ‘कॅन’ होऊ शकतं असा प्रश्न त्याला विचारायचाच नाही. ‘आपण नोंदणीनेच करू ना?’ हा प्रश्न नाही, त्याच्या सहीसाठी पुढे सरकवलेला कागद आहे. ‘तुझ्या मनात किती टेबलं आहेत?’ असं विचार. ‘आईने तीस म्हटलं तेव्हा तुला काय वाटलं?’ असं विचार, आणि मग गप्प बस. तुला गप्प बसणं अवघड जाईल. त्याला उत्तर यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस लागू देत. तोवर हॉटेलशी, आंटींशी, आईशी काही ठरवायचं नाही. पहिलं उत्तर बहुधा तुला आवडेल असं नसेल. समज तो म्हणाला, ‘मला वीस टेबलं हवीत, माझे सगळे मामा-मावश्या आले पाहिजेत’. तर ते ऐकून घे. ते त्याचं पहिलं ‘नाही’ असेल, आणि ते तुला मिळालेलं असेल, आईला नाही.

तुम्ही सिंगापुरात आहात, तेव्हा एक सोयही आहे. तिथे कायदेशीर लग्न नोंदणीने होतं, आणि चहाचा विधी व जेवण कित्येक जोडपी वेगळ्या दिवशी ठेवतात. म्हणजे तुझं आणि आंटींचं म्हणणं एकमेकांच्या आड येतच नाही. दोन्ही होऊ शकतं. फक्त तुम्हा दोघांना दोन वेगवेगळ्या वेळी ‘कॅन’ मिळालं, म्हणून भांडण झालं. तीस टेबलं म्हणजे टेबलाला दहा धरून तीनशे माणसं. त्यात आंटींनी आजवर कोणाकोणाच्या लग्नात लाल पाकिटं दिली आहेत, त्यांचीही यादी असणार. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखंच ते प्रकरण. ती यादी त्यांच्याकडून समजून घे. त्यांच्या शेजारी बसून, एकेक नाव. कोण कोणाचं, कोणाशी बोलणं नाही, कोणाला कोणत्या टेबलावर बसवायचं नाही. हे करताना त्या तुझ्याशी जेवढं बोलतील तेवढं ज्योतिषाबद्दल बोलून कधीच बोलणार नाहीत.

आणि मुहूर्त त्यांना काढू दे. दोघांची बाझी नेऊन लग्नाची तारीख काढणं ही तिथली रीत आहे, आणि त्याच ज्योतिषाला तारखेच्या कामाला लावलं की जुळणीचा निकाल आपोआप मागे पडतो. ते यंदाचं वर्ष तुझं घोड्याचं म्हणून टाळायला सांगतील कदाचित. पुढच्या फेब्रुवारीनंतरची तारीख निघाली तर तुझं काय बिघडलं? तेवढ्या काळात तुला त्याची दोन-चार ‘नाही’ ऐकायला मिळतील. मात्र तारखेबरोबर एखादं महागडं कडं किंवा मूर्ती गळ्यात मारली जायला लागली, तर पैसे द्यायचे नाहीत. तिथे धार वापर.

चहाच्या विधीत तू दोन्ही हातांनी कप देशील आणि आंटी तो घेऊन पितील, तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे तू घरातली झालीस. त्या दिवसापर्यंत त्यांना ‘आंटी’च म्हण, नंतर काय म्हणायचं ते त्याला विचारून ठेव. याचं उत्तर तरी कॅन देता येणार नाही.

नाशिकच्या आईचं काय? जन्मवेळ आंटींच्या ज्योतिषाच्या कागदावर लिहिलेली आहेच, हवी तर मिळेल. पण आईला ती द्यायच्या आधी विचार, मंगळ निघाला तर ती काय करणार आहे. ‘काही नाही, नुसतं बघायचंय’ म्हणाली तर दे. गप्प झाली तर देऊ नकोस.

आणि हॉटेलला टेबलांची पक्की संख्या कधीपर्यंत कळवायची, ते या आठवड्यात विचारून घे. पावतीवर नाव त्याचं आहे, तेव्हा फोन त्यालाच करू दे.

तुझी,
ताई